शेळ्या वाढल्या, विक्री कोणाच्या हातात? : एका मूल्यमापनाचा अनुभव

कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली सामाजिक कामांवर खर्च करणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर जानेवारी २०२१ पासून एक नवे बंधन आले. ज्या कंपनीचे हे दायित्व मागील तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने १ कोटी किंवा त्यापुढील खर्चाच्या आणि संपून किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घेतले पाहिजे, असा तो नियम आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांतल्या एका शेळीपालन प्रकल्पाचे काम २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले ते या नियमापोटी. पैसा कंपनीचा, अंमलबजावणी एका स्वयंसेवी संस्थेची, लाभार्थी बचत गटांतल्या महिला आणि मुदत २०१८ ते २०२१ अशी तीन वर्षांची. प्रत्येक सहभागी महिलेला दोन उस्मानाबादी शेळ्या, जनावरांच्या प्राथमिक देखभालीचे प्रशिक्षण दिलेली गावातलीच बाई म्हणजे पशुसखी, लसीकरणाची आणि जंतनाशकाची सोय, गटामार्फत कर्ज आणि मुदतीअखेर प्रत्येकीच्या दावणीला किमान १० शेळ्या, अशी एकंदर मांडणी होती. प्रकल्पाच्या नावात ‘महिला आर्थिक सक्षमीकरण’ हे शब्द होते. उद्दिष्टांच्या तक्त्यात मात्र शेळ्या आणि रुपये एवढेच मोजायचे ठरले होते, आणि आमच्या हाती आलेल्या कार्यकक्षेतही, म्हणजे कामाची व्याप्ती ठरवणाऱ्या कागदातही, तोच तक्ता जसाच्या तसा उतरला होता.

उद्दिष्ट अवास्तव होते असे म्हणता येणार नाही. उस्मानाबादी शेळी या हवेला सरावलेली आहे, जुळी करडे देण्यात तिचा लौकिक आहे आणि गाभण काळ साधारण १५० दिवसांचा असल्यामुळे नीट सांभाळ झाला तर दोन वर्षांत तीन वेते मिळतात. पाटी, म्हणजे तरण्या माद्या, राखून ठेवायच्या, बोकड विकायचे, या शिस्तीने चालले तर दोनाच्या १० होणे कागदावर सहज बसते. प्रत्यक्षात मधेच कोणाचे आजारपण निघते, पोराची फी येते, पेरणीला बियाणे घ्यायचे असते आणि राखायची म्हणून ठरवलेली पाटही विकली जाते. त्यात करडांची मरतुक निराळी. तरीही आम्ही गावांत पोहोचलो तेव्हा शेळ्या खरोखरच वाढलेल्या दिसत होत्या. आमच्यापुढचा प्रश्न त्या वाढीचा अर्थ लावण्याचा होता.

अशा कामात पहिल्यांदा आधीची पायाभूत पाहणी वाचावी लागते. ही पाहणी संस्थेने प्रकल्पाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१८ मध्ये केली होती. तिचे तक्ते नेटके होते, पण तारीख पाहिल्यावर आमच्या गटातल्या संख्याशास्त्रज्ञाने अहवाल मिटून बाजूला ठेवला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि मराठवाड्याचा बराच भाग त्यात होता. चारा नाही म्हटल्यावर माणसे आधी जनावरे कमी करतात. म्हणजे पायाभूत पाहणीने मोजलेल्या शेळ्या या दुष्काळात विकून उरलेल्या शेळ्या होत्या. त्यातच २०१८ ची बकरी ईद २२ ऑगस्टला होऊन गेली होती, त्यामुळे विकण्याजोगे बोकड दोन महिन्यांपूर्वीच बाजाराला गेले होते. आमची पाहणी होती मे २०२३ मध्ये, आणि त्या वर्षीची ईद होती २९ जूनला. म्हणजे दर चढण्याची वाट पाहत प्रत्येक घरी दोन-चार बोकड खुंट्याला उभे. एका बाजूला दुष्काळातली ईदनंतरची गणती आणि दुसऱ्या बाजूला बऱ्या वर्षांनंतरची ईदपूर्वीची गणती, या दोहोंची वजाबाकी करून जो आकडा येईल तो प्रकल्पाच्या खात्यावर जमा करणे हे मूल्यमापन म्हणता आले नसते. मे महिना आम्ही निवडला नव्हता. कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या तारखेने तो ठरला होता. पशुधनाच्या प्रकल्पांत पाहणीच्या तारखा पंचांग समोर ठेवून ठरवाव्यात, ही सूचना आम्ही अहवालात पुढे लिहिली आणि ती वाचून कंपनीतले कोणी तरी हसल्याचे मला नंतर कळले.

वेळेच्या वापराबाबतही हीच अडचण होती. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनच्या काढणीचे दिवस. दुष्काळी सालातही बायका रोजाने काढणीला जातातच. मे महिन्यात शेत रिकामे, पण पाण्यासाठी पायपीट अधिक. दोन्ही वेळी बाईचा दिवस भरलेलाच असतो, मात्र तो वेगळ्या कामांनी भरलेला असतो, आणि प्रकल्पामुळे तिचे श्रम वाढले की घटले हे या दोन महिन्यांच्या तुलनेतून कळणे शक्य नव्हते. शिवाय त्या पाहणीतली उत्तरे बहुतांश घरी कुटुंबप्रमुखाने दिलेली होती, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा किंवा सासरा. ‘पत्नी निर्णयात सहभागी होते का?’ या प्रश्नाला पुरुषांनी दिलेले ‘होय’ हेच महिलांच्या सहभागाचे प्रमाण म्हणून तक्त्यात बसले होते.

तेव्हा आधी आणि नंतर अशी सरळ तुलना आम्ही सोडून दिली. त्याऐवजी त्याच तालुक्यांतली, पाऊसपाणी आणि बाजाराचे अंतर सारखे असलेली, पण प्रकल्प न पोहोचलेली काही गावे तुलनेसाठी घेतली. नमुन्याचा आकार ठरवताना ३८४ हा आकडा कोणीही पाठ म्हणून दाखवतो, कारण ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मर्यादा धरली की सूत्रातून तोच बाहेर पडतो. परंतु एकाच गावातल्या, एकाच गटातल्या बायकांची परिस्थिती एकमेकींशी मिळतीजुळती असते आणि त्यामुळे तेवढ्याच माहितीसाठी जास्त घरे घ्यावी लागतात. आम्ही घरे वाढवली, आणि एका गावातून फार घरे न घेता गावेही वाढवली. प्रवास वाढला, अंदाजपत्रकावर ताण आला. पण तो खर्च रास्त होता.

तुलना गावांतली अडचण निराळीच निघाली. प्रकल्प तिथे नव्हता, पण बचत गट होते. काही माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, जुन्या जाळ्यातले, काही ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातले, आणि एकाच बाईचे नाव दोन्हींकडच्या यादीत असणेही विशेष नव्हते. १९९२ मध्ये नाबार्डने गट आणि बँक जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्याला तीस वर्षे उलटून गेल्यावर मराठवाड्यात ‘काहीच न पोहोचलेले गाव’ शोधणे व्यर्थ आहे. एखाद्या बाईने गटाच्या कर्जातून शेळी घेतली, लस सरकारी दवाखान्यातून टोचली आणि प्रशिक्षण आमच्या प्रकल्पातून घेतले, तर तिच्या वाढलेल्या उत्पन्नाचे श्रेय कोणाला द्यायचे? श्रेय वाटण्याऐवजी प्रकल्पाचे योगदान नेमके कोणत्या टप्प्यावर दिसते हे शोधावे, असे आम्ही ठरवले आणि कार्यकक्षेत तसा बदल लेखी मागून घेतला. मूल्यमापनात तोंडी मान्यतेवर विसंबू नये, एवढे या क्षेत्रात वावरून मला समजले आहे.

प्रश्नावलीसाठी शेतीतील महिला सक्षमीकरणाच्या निर्देशांकाचा आधार घेतला. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था, ऑक्सफर्ड विद्यापीठातला दारिद्र्य अभ्यासाचा गट आणि अमेरिकेची विकास संस्था यांनी मिळून २०१२ मध्ये तो पुढे आणला. उत्पादनाचे निर्णय, साधनांवरील हक्क, उत्पन्नाचा विनियोग, नेतृत्व आणि वेळ ही त्याची पाच अंगे आहेत, आणि एकाच घरातील स्त्री व पुरुष यांना वेगवेगळे विचारणे हा त्याचा सर्वांत मोलाचा आग्रह आहे. वेळेसाठी आदल्या दिवसाचे २४ तास पंधरा-पंधरा मिनिटांच्या घरांत भरून घेतले जातात आणि साडेदहा तासांहून जास्त काम निघाले तर कामाचा बोजा अधिक धरतात. साधन उत्तम आहे, पण ते जसेच्या तसे उचलून मराठवाड्यात वापरले तर अर्धे प्रश्न वाया जातात. ‘शेळ्यांच्या विक्रीचा निर्णय कोण घेते?’ असे विचारले की जवळपास प्रत्येक बाई ‘दोघं मिळून’ म्हणते, नवराही ‘दोघं मिळून’ म्हणतो आणि तक्ता समाधानकारक दिसतो. पूर्वचाचणीत हे लक्षात येताच आम्ही तो प्रश्न मोडून शेवटच्या विक्रीची हकिकत विचारायला सुरुवात केली. शेवटचा बोकड कधी विकला, गिऱ्हाईक दारात आले की बाजारात नेला, भाव कोणी बोलला, पैसे कोणाच्या हातात पडले, त्यातले पहिले पैसे कशावर खर्च झाले, आणि तुम्हाला त्या दिवशी विकायचाच नसता तर काय झाले असते. हकिकत सांगताना माणूस स्वतःला सुधारत जातो. ‘आम्ही विकला’ पासून सुरू झालेली गोष्ट ‘मी रानात होते, आल्यावर कळलं’ इथे येऊन थांबते.

तारखांसाठी कॅलेंडर निरुपयोगी होते. येरमाळ्याच्या यात्रेआधी की नंतर, लॉकडाऊन लागला त्या उन्हाळ्यात की पुढच्या, कंदुरीच्या दिवसांत की आखाडात, अशा खुणांवर बायका अचूक सांगत. २०२० मध्ये आठवडी बाजार बंद झाले तेव्हा विक्रीचे काय झाले, हे तर न विचारता सांगितले गेले, कारण त्या काळात व्यापारी दारोदार फिरून पडेल भावाने बोकड घेऊन गेले होते.

माहिती गोळा करण्यासाठी आम्ही जिल्ह्यातल्याच, पण प्रकल्पाच्या गावांतल्या नव्हेत अशा मुली निवडल्या. बहुतेकींनी समाजकार्याचे शिक्षण घेतलेले होते आणि दोघी-तिघींच्या घरी शेळ्या होत्या. त्या दोघी-तिघींनी आमचे प्रशिक्षण आम्हालाच सुधारून दिले. शेळ्या सकाळी मोजायच्या नाहीत, कारण चरायला गेलेल्या असतात. दिवे लागायच्या सुमारास जायचे. नोंदवहीतला आकडा विचारायचा नाही, दावणीपाशी उभे राहून एकेका शेळीचे नाव घेत विचारायचे. हा सल्ला न मिळता तर आमचा सगळा तक्ता फसला असता.

एका घरचा प्रसंग सांगते. पशुसखीच्या नोंदवहीत त्या घरी ९ शेळ्या होत्या. संध्याकाळी दावणीला १४ दिसल्या. घरातल्या काकूंनी एकेकीवर हात ठेवून सांगितले. ही प्रकल्पातली, कानाला बिल्ला होता पण काटेरी कुंपणात अडकून तुटला, त्यामुळे आता विम्याचे काही सांगता येत नाही. ही तिची पाट. या दोघी गावातल्याच एका म्हातारीच्या, अर्धलीने राखायला घेतलेल्या. होतील त्या करडांत निम्मे-निम्मे. ही काळीभोर थोरल्या लेकीची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्या नावाने सोडलेली, तिची करडे विकली की पैसे लेकीला जातात आणि जावयाला ते ठाऊक नाही. हा बोकड देवाला बोललेला, तो विकायचा नाही. उरलेल्या ‘यांच्या’. मी विचारले, यांच्या म्हणजे? तर गोठ्यासाठी कर्ज काढले तेव्हा मालकांनी घेतलेल्या. त्या शेळ्यांचे पाणी, पाला, शेण, आजारपण सगळे काकूंकडे. पण त्या कधी विकायच्या हे त्यांना विचारले जात नसे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. थोड्या वेळाने दुसऱ्या खोलीत नवऱ्याशी बोलणाऱ्या आमच्या मुलीने तिचा कागद दाखवला. त्यात १४ पैकी १२ शेळ्या ‘माझ्या’ म्हणून लिहिलेल्या होत्या, आणि लेकीच्या शेळीचा त्यात वेगळा उल्लेख नव्हता.

ती लेकीची शेळी आम्ही अहवालात कुठेही ओळखू येईल अशा रीतीने लिहिली नाही. बाईच्या हातातला पैसा पुष्कळदा अशा न सांगितलेल्या जागी असतो, आणि मूल्यमापन करणाऱ्याने तो उजेडात आणला तर तिचे नुकसान होते. आमच्या टॅबवरच्या अर्जात त्या ओळीसाठी नवरा-बायकोच्या उत्तरांची घरनिहाय जुळणी संस्थेला न देण्याची अट आम्ही घालून घेतली. संस्थेने ती जुळणी दोनदा मागितली. आम्ही दिली नाही.

माहिती हाती आल्यावर एक चित्र हळूहळू पुढे आले आणि तेच या साऱ्या कामाचे सार ठरले. घरात दोन-चार शेळ्या असेपर्यंत त्या बाईच्या असतात. व्यापारी दारात येतो, ती भाव बोलते, पैसे तिच्या हातात येतात आणि मीठ-मिरची, दवाखाना, पोरांच्या वह्या यांवर तिच्या मर्जीने जातात. संख्या सात-आठच्या पुढे सरकली की एकापाठोपाठ काही गोष्टी घडतात. वाड्यातली जागा पुरत नाही, गोठा बांधावा लागतो. गोठ्यासाठी कर्ज हवे, आणि कर्जासाठी जागेचा उतारा. उतारा नवऱ्याच्या नावे असतो. देशपातळीवरच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते, यावरून गावातल्या आठ-अ उताऱ्यावर कोणाची नावे असतात याची कल्पना यावी. कर्ज त्याच्या नावावर, मग हप्ते तोच भरणार, म्हणून विक्रीही तोच करणार. शिवाय चार-पाच बोकड एकदम विकायचे तर दारातला व्यापारी पाडून मागतो, टेम्पो करून आठवडी बाजाराला न्यावे लागतात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो. तिथे बाईमाणूस उभे राहत नाही, आणि राहिली तरी तिचा हात कोणी रुमालाखाली घेत नाही. शेळी म्हणजे गरिबाचे एटीएम, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येते. प्रकल्पाने त्या यंत्रात पैसे वाढवले होते; कार्ड मात्र वाढत्या शिलकीबरोबर दुसऱ्याच्या खिशात गेले होते.

कामाचे उलट झाले. शेळ्या थोड्या असताना त्या रानात जाताना बरोबर नेता येतात, खुरपताना बांधावर चरतात. १०-१२ झाल्यावर दुसऱ्याच्या पिकात शिरतात, भांडणे होतात, म्हणून अर्धबंदिस्त पद्धत घ्यावी लागते. मग शेवरी-सुबाभळीचा पाला आणणे, हत्ती गवत कापणे, उन्हाळ्यात पाणी वाहणे, गोठा झाडणे ही कामे वाढतात आणि ती वाढ बाईच्या वाट्याला येते. २४ तासांचे तक्ते भरताना मोठ्या कळपाच्या घरांतल्या बायकांचा दिवस लहान कळपाच्या घरांतल्या बायकांपेक्षा लांब निघाला आणि तुलना गावांपेक्षाही लांब निघाला. काही घरी ते काम म्हाताऱ्या सासूने उचलले होते, काही घरी शाळेत जाणाऱ्या मुलीने. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद असताना शेळ्यांमागे गेलेली मुलगी शाळा उघडल्यावर पूर्ण वेळ परतली नाही, असेही आम्हाला आढळले. हे प्रमाण मोठे नव्हते, परंतु सक्षमीकरणाच्या प्रकल्पाच्या अहवालात ते वगळण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रकल्पाने जे चांगले केले होते ते याहून वेगळ्या जागी सापडले. पशुसखींमुळे करडांची मरतुक घटली होती, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, ठरलेल्या मुदतीने पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतनाशक, जन्मलेल्या करडाची नाळ आयोडीनने पुसून लगेच चीक पाजणे, एवढ्या चार गोष्टी पशुसखी चिकाटीने करून घेत होत्या आणि त्यांतल्या कित्येकजणी प्रकल्प संपल्यावरही गावाकडून फी घेऊन काम करत होत्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना लांब असलेल्या गावांत त्यांना मान होता. एका पशुसखीला बाजूच्या गावातले पुरुष बैलाला पाहायलाही बोलवत. ती शेळीपलीकडे हात लावत नाही, पण डॉक्टरांना फोन लावून देते.

आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे संस्थेचे स्वतःचेही लक्ष नव्हते. काही गावांत गटांच्या संघाने लटकता वजनकाटा विकत घेतला होता आणि पावतीपुस्तक छापले होते. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी व्यापारी गावात बोलवायचे, बोकड जिवंत वजनावर विकायचे, पावती बाईच्या नावे फाडायची आणि पैसे तिच्या खात्यावर घ्यायचे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात या काट्याची रक्कम इतकी किरकोळ होती की ती ‘इतर साहित्य’ या ओळीत गेली होती. पण कळप मोठा होऊनही विक्रीवर बाईचा ताबा टिकलेला जिथे दिसला, तिथे बहुतेक वेळा हा काटा होता. रुमालाची जागा काट्याने घेतली की बाजारात जाण्याचे कारण उरत नाही आणि नवऱ्यालाही त्याचे वावडे नसते, कारण अंदाजपंचे भावापेक्षा वजनावरचा भाव बरा पडतो. याच्या जोडीला दुसरी घरे होती ती जमीन बाईच्या नावावर असलेली. त्यांतली काही शेतकरी संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्यांची निघाली. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, त्यात नवऱ्यांनी थोडी जमीन बायकोच्या नावे करून द्यायची होती. तेव्हा झालेला तो फेरफार तीस वर्षांनी गोठ्याच्या कर्जाला उपयोगी पडला होता, आणि त्या घरी कर्जाचे पासबुक सासूबाईंच्या नावाचे होते. अशी घरे इतकी थोडी होती की त्यावरून अनुमान काढणे योग्य नव्हते. आम्ही ती उदाहरण म्हणूनच दिली.

अहवालाचा मसुदा लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला तो एका वाक्यावर. ‘प्रकल्पाने सहभागी कुटुंबांचे शेळीपालनाचे उत्पन्न वाढवले, मात्र कळप वाढत गेला तसा त्या उत्पन्नावरचा स्त्रियांचा ताबा कमी होत गेला, अपवाद सामूहिक वजनविक्रीच्या गावांचा’ असे ते वाक्य. सादरीकरणात संस्थेच्या प्रतिनिधींनी त्यावर हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की उत्पन्न घरात आले, नवरा-बायको एकाच चुलीवर जेवतात, मग ताबा कोणाचा हा शहरी प्रश्न आहे. हा युक्तिवाद मी अनेक सभांतून ऐकला आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा मानत नाही, कारण गावातल्या बायकाही कित्येकदा तोच मांडतात. पण तो प्रकल्पाच्या सुरुवातीला मांडायला हवा होता, नावात ‘महिला’ शब्द घालून निधी मागण्याच्या आधी. कंपनीच्या बाजूने वेगळी सूचना आली: वाक्य दोन भागांत तोडावे, पहिला भाग सारांशात यावा आणि दुसरा ‘शिकवणी’ या प्रकरणात. आम्ही वाक्य तोडले नाही. सारांशात त्याच्या खाली संस्थेची हरकत तिच्याच शब्दांत छापली. वाद मिटवण्यापेक्षा तो वाचकाला दिसू देणे बरे, असे आमच्या गटप्रमुखांचे मत पडले आणि ते मला पटले.

अंतिम अहवाल देण्यापूर्वी निष्कर्ष गावांत वाचून दाखवायचे ठरले होते. अंदाजपत्रक कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड याच टप्प्यावर पडते, म्हणून त्याची तरतूद आम्ही आधीच वेगळी काढली होती. एका समाजमंदिरात गटातल्या बायका, दारापाशी काही पुरुष, अशी ती बैठक झाली. लांब दिवसाचा निष्कर्ष ऐकून बायका हसल्या आणि यासाठी एवढे कागद भरले का, असे एकीने विचारले. विक्रीच्या निष्कर्षावर मात्र शांतपणे चर्चा झाली. एका प्रौढ बाईंचे म्हणणे असे, की तुम्ही १० शेळ्या चांगल्या आणि चार वाईट, किंवा चार चांगल्या आणि १० वाईट, असे काही तरी ठरवून आला आहात. मला स्वतःला पाचच हव्या आहेत, सहावी झाली की मी विकते, आणि म्हणून तुमच्या तक्त्यात मी नापास झाले आहे. तिचे म्हणणे खरे होते. उद्दिष्ट न गाठलेल्या महिलांच्या रकान्यात तिचा क्रमांक होता, आणि विक्रीच्या हकिकतीत तिच्याइतका पक्का ताबा फार थोड्या जणींचा होता. त्या बैठकीनंतर आम्ही ‘उद्दिष्ट अपूर्ण’ या गटाचे दोन भाग केले: ज्यांना वाढवता आल्या नाहीत त्या, आणि ज्यांनी वाढवल्या नाहीत त्या. दुसरा भाग आमच्या अपेक्षेहून मोठा निघाला.

शिफारशी आम्ही थोड्याच ठेवल्या. दहाचे सरसकट उद्दिष्ट सोडावे, कळपाचा आकार बाईने ठरवावा. वजनकाटा, पावतीपुस्तक आणि ठरलेला विक्रीचा दिवस प्रत्येक गावात असावा. गोठ्याचे कर्ज गटामार्फत, उताऱ्याच्या अटीशिवाय मिळावे. पाणी आणि चारा जवळ आणण्यावर खर्च व्हावा. आणि पायाभूत पाहणी बायकांना विचारून, ईदपासून सारख्याच अंतरावर करावी. कंपनीने अहवाल स्वीकारला आणि नियमाप्रमाणे आपल्या संकेतस्थळावर टाकला.

पुढे दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव आमच्याकडे अभिप्रायासाठी आला. प्रत्येक गावाला वजनकाटा मंजूर होता आणि ‘विक्रीची पावती कोणाच्या नावे’ हा नवा निर्देशक तक्त्यात आला होता. त्याच्या वरच्या ओळीत ‘प्रति महिला किमान १० शेळ्या’ हे उद्दिष्ट तसेच होते, आणि निधीचा हप्ता त्या वरच्या ओळीला जोडलेला होता. हप्ता पावतीच्या निर्देशकालाही जोडावा, एवढा एकच अभिप्राय आम्ही लिहून पाठवला आहे. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.